खरातांचा चिखल

खरातांनी आयुष्यात एकच गोष्ट पहिल्या नजरेत पसंत केली, आणि ती उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात, एरंडाच्या झुडपात, एका चाकाविना पडलेली होती.

एरवी हा माणूस काही पसंत करणाऱ्यांतला नव्हता. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर आमची इमारत नवी उभी राहिली तेव्हा आम्ही तळमजल्यावर आलो आणि खरात त्यांच्या आईला घेऊन आमच्या डोक्यावर आले. कारखान्यात ते तपासणी खात्यात साहेब होते. तयार झालेला माल मापायचा, छोट्या पितळी हातोडीनं ठोकायचा, कान लावून ऐकायचं आणि पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. शिक्का कारखान्यातच राहायचा. हातोडी मात्र खिशातून घरी यायची.

आमच्या नाक्यावरचा कलिंगडवाला खरात दिसले की कलिंगडांवर ताडपत्री ओढायचा. इमारतीचा जिना त्यांनी राहायला आल्याच्या आठवड्यात ठोकून पाहिला आणि बिल्डरला तोंडावर सांगितलं, "तिसरी पायरी पोकळ आहे. रिजेक्ट." बिल्डर हसला. पुढे तीच पायरी फुटून त्याचाच पाय मुरगळला, तेव्हा खरात हसले नाहीत. "ठोकून घ्यायची होती," एवढंच म्हणाले.

लग्नाचंही तसंच. पंचेचाळिशी आली तरी ते बिनलग्नाचे होते. स्थळं आली नाहीत असं नव्हे. साहेब माणूस, स्वतःचा फ्लॅट, घरात एकटी आई. एकदा भिवंडीकडची मुलगी पाहून आले, तेव्हा मी विचारलं, "कशी आहे?"

"मुलगी चांगली आहे, वहिनी. शिकलेली आहे."

"मग?"

"त्यांच्या घरात पाण्याच्या माठावर झाकण नव्हतं." आणि खिशातल्या हातोडीवर हात ठेवून म्हणाले, "रिजेक्ट."

पाण्याचं त्यांना फार होतं. बाहेर कुणाकडेही ते पाण्याचा थेंब घेत नसत. घरी उकळलेलं, दोनदा गाळलेलं पाणी बाटलीत घेऊन फिरायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी तांब्या-भांडं पुढे केलं. त्यांनी हात जोडले. "पाणी नको. चहा चालेल. चहा उकळलेला असतो." ते गेल्यावर सासूबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या, "आमच्याकडचं पाणी चालत नाही होय त्यांना?" आणि आपण कुणाबद्दल काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी तेच तांब्या-भांडं उचलून आत नेलं. त्या दिवशी देवापुढे त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

तर जीप. आम्हाला कपाट घ्यायचं होतं. उल्हासनगरचं फर्निचर दिसायला देखणं, पण आतून काय निघेल सांगता येत नाही, म्हणून आमचे हे म्हणाले, खरातांना घेऊन जाऊ. खरातांनी चार दुकानांतली कपाटं ठोकून नाकारली. पाचव्या दुकानाच्या मागच्या बाजूला लच्छूशेठचं भंगाराचं आवार होतं. खरात पाण्याची बाटली उघडायला सावलीत म्हणून तिकडे गेले ते परत येईनात.

जाऊन पाहतो तर साहेब गुडघ्यावर बसून एका सांगाड्याखाली डोकं घालून ठोकताहेत. लष्कराच्या लिलावातून आलेली जुनी जीप होती. इंजिन नाही, सीट नाही, काच नाही. बॉनेटखाली मांजर व्यायलेली.

"वडी साईं," लच्छूशेठ खुर्चीतून न उठता म्हणाला, "वो गाडी नहीं है. गाडी का फोटो है. तुमाला पायजे तर दुसरी दाखवतो, एकदम चालू."

खरात बाहेर आले. कपाळाला ग्रीस लागलेलं. तोंडावर असा आनंद की मी ओळखलंच नाही.

"चॅसिस सरळ आहे," ते म्हणाले. "चारही चाकांना जोर जातो. हीच पाहिजे."

"पण खरात, तुम्हाला गाडी कशाला? कारखाना चालत दहा मिनिटांवर," आमचे हे म्हणाले.

"आईला न्यायचंय एके ठिकाणी."

"मग रिक्षा आहे की."

"रिक्षा जाणार नाही तिथं," खरात म्हणाले, आणि पुन्हा खाली शिरले. आमचं कपाट त्या दिवशी राहिलंच.

मांजरीनं पिल्लं हलवल्यावर जीप टेम्पोला बांधून आमच्या खिडकीसमोर आली, आणि माझ्या संसाराचा पुढचा दोन-तीन वर्षांचा काळ त्या खिडकीत गेला. दर रविवारी खरातांचे पाय मला दिसायचे, बाकीचे खरात जीपखाली. पाय बोलायचे. "वहिनी, जरा तो पाना." मी पाना द्यायचे. "हा नव्हे, चौदाचा." मला स्वयंपाकघरातल्या वाट्यांपेक्षा पाने जास्त ओळखू यायला लागले.

एका मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन आलं. स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी वीतभर उंच झाली. टायर आले ते इतके रुंद की चाकांवरचे पत्रे कापावे लागले. सायलेन्सरचा पाइप काचेच्या बाजूनं वर नेला, उंटानं मान काढावी तसा. त्यातून पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची वाळत घातलेली साडी काळी झाली. पुढे तारेचं रीळ बसवलं, अडकलो तर झाडाला तार बांधून गाडीनं स्वतःच स्वतःला ओढून काढायचं, म्हणून. पोलिसांनी अडवलं की खरात कागद दाखवायचे. कागदांत लिहिलेल्यापैकी नंबर प्लेट सोडून गाडीत काही उरलेलं नव्हतं. हवालदार एकदा कागदाकडे, एकदा गाडीकडे, एकदा खरातांच्या हातातल्या हातोडीकडे पाहून "जावा साहेब" म्हणायचा.

पण सगळ्यांत मोठा वाद चिखलावरून झाला. खरात कुठून तरी रंगाच्या डब्यांत चिखल भरून आणायचे आणि गच्चीवर मांडून ठेवायचे. रोज संध्याकाळी अंगठा दाबून बघायचे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीवरच भरलेल्या बैठकीत विषय काढला. "खरात साहेब, लोक गच्चीवर तुळस लावतात. तुम्ही चिखल लावलाय."

"चिखला-चिखलात फरक असतो," खरात शांतपणे म्हणाले. "पालेगावचा चिखल चिकट आहे, पण खाली मुरूम लागतो. हा धरणाचा आहे. वरून वाळल्यासारखा दिसतो, भेगा पडतात, आणि खाली लोणी. यात माणूस मांडीपर्यंत जातो."

"पण तुम्हाला जायचंय कशाला त्यात?"

यावर खरात डब्यावर झाकण लावून खाली गेले.

मुंबईची काही मुलं महागड्या गाड्या घेऊन पालेगावच्या मोकळ्या माळावर चिखल उडवायला यायची. खरातांची जीप पाहून ती खूश झाली. "अंकल, एक नंबर! या की रविवारी!" खरात गेले. सगळ्यांनी गाड्या धडाधड चिखलात घातल्या, फवारे उडाले, आरडाओरडा झाला. खरात गेले ते पायी माणूस जाईल त्या वेगानं. गाडीला जरासा धक्का बसला की थांबायचे, उतरायचे, टायरमधली हवा थोडी कमी करायचे, पुन्हा बसायचे. "अंकल, एक्सलेटर दबाओ ना!" मुलं ओरडत होती. आणि सगळे पार झाल्यावर, मधोमध, खरात रुतले. तार बांधायला झाड नव्हतं. शेवटी बिल्डरचा जेसीबी आला. दोन म्हशी तोपर्यंत शेजारी बसून रवंथ करत होत्या.

मला वाटलं आता तरी नाद सुटेल. संध्याकाळी खिडकीसमोर पुन्हा पाय. "वजन जास्त झालं, वहिनी. मागचा पत्रा कापतो."

त्याच सुमाराला ती खुर्ची आली. एक सलून बंद पडलं, त्याची लोखंडी खुर्ची खरातांनी आणली. मान टेकायला गादी, हाताला दांड्या. ती ड्रायव्हरच्या शेजारी बसवली, खाली स्प्रिंग लावल्या, आणि बाजूला एक घडीची पायरी केली. एवढी उंच केलेली गाडी, आणि चढायला लहान पोराला जमेल अशी ठेंगणी पायरी. पुढच्या रविवारी आजींना, म्हणजे त्यांच्या आईला, खाली आणून चढवून पाहिलं. आजी अंगानं चिमणीएवढ्या, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही दांड्या धरल्या आणि मला म्हणाल्या, "बाय, हा माजी हजामत करणार हाय का काय?"

खरात त्यांच्याभोवती फिरून मापं घेत होते. "आई, मान टेकते का? कंबरेला लागतं का?"

"नाय रे लागत. उतरव मला. भाजी करपंल."

ते न्यायचं ठिकाण कुठलं हे मला आजींकडूनच कळलं. खरात कारखान्यात गेले की मी दुपारी कधी वर जाऊन बसायचे. आजी लसूण सोलत होत्या. मी म्हटलं, "आजी, भाग्यवान आहात. मुलगा तुमच्यासाठी एवढी गाडी बनवतोय. कुठं जायचंय तुम्हाला?"

आजी हसल्या. "मला? मला कुठं जायचंय?"

मग त्यांनी सांगितलं. बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पोटात त्यांचं गाव होतं. धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. धरणाच्या भिंतीवर माती टाकायच्या कामाला आजी आणि त्यांचे मालक दोघेही जायचे. "आपलं गाव बुडवायची मजुरी आपणच घेतली, बाय. करणार काय?" ते कामावर गेले की घरी बाळू, म्हणजे हे खरात साहेब, आणि त्याची धाकटी बहीण सुमी. सुमी नुकती बोलायला लागलेली. बाळूनं तिला सांभाळायचं.

गावाची विहीर वरच्या आळीला. तिथं यांना हात लावायला मनाई. कुणी वरून पाणी ओतलं तर घ्यायचं, नाही तर खालच्या ओढ्यात खड्डा खणून. "त्या उन्हाळ्यात गाव अर्धं उठून गेलेलं. वरून पाणी घालायला विहिरीवर कुणी नाय. पोर तहानली, रडाय लागली. यानं ओढ्याच्या डबक्यातलं पाजलं. दुसऱ्या दिवशी हगवण लागली. लगेच गेली." आजींचे हात थांबले नव्हते, लसूण सोलला जातच होता. "बारकं पोर, पुरायचं असतं. घराच्या मागं पुरली. पावसाळ्यात पाणी चढलं आन् आमी हितं अंबरनाथला, बुवापाड्यात आलो."

मीही एक गड्डी उचलून सोलायला घेतली.

"त्या महिन्यात आळीतली आजून पोरं गेली, बाय. सगळ्यांचं पाणी तेच. पर याला वाटतं, यानंच मारली. कदी बोलला नाय. एक शबुद नाय. पर मी आय हाय ना. नळाला पानी आलं की याचं त्वांड बघ. हे पानी तिथनंच येतं, त्या धरणातनं. म्हून उकळतो, गाळतो, पुन्यांदा गाळतो."

"मग तुम्हाला घेऊन..."

"मी म्हातारी, माजं नाव पुढं. आयला बघायचंय, आयला न्यायचंय, असं सांगतो जगाला. मला नाय बघायचं ते गाव. काय हाय माजं तिथं? पर त्याला एकट्याला जायाचा धीर नाय. म्हून म्हन्लं, चल बाबा, येते." आणि मग, जरा थांबून, "तू त्याला बोलू नको हां."

त्या दिवसापासून चौदाचा पाना देताना माझा हात जड व्हायला लागला.

धरणातलं पाणी खूप उतरलं तरच त्या गावाची जोती उघडी पडत. होडी म्हणावी तर पाणी नाही, चालावं तर गाळ. पहिल्या उन्हाळ्यात पाणी उतरलंच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात उतरलं, पण आजी पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. त्या उठल्या तेव्हा पावसाळा लागला होता. खरात त्या पावसात भिजत जीपवर ताडपत्री बांधत होते. मी छत्री घेऊन गेले तर म्हणाले, "असू दे वहिनी. पुढच्या वर्षी."

तो पाऊस कमीच झाला, आणि पुढच्या एप्रिलपासून नळाचं पाणी एक दिवसाआड, मग तेही नाही. सगळं अंबरनाथ टँकरपाशी कळशा घेऊन भांडत होतं. बायका एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या. आणि या सगळ्यात आमचे खरात रोज उजळत चालले होते. कारखान्यातून आले की कुणाची तरी मोटरसायकल मागून धरणाकडे जाऊन पाणी किती उतरलं बघून यायचे. टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या सेक्रेटरींना एकदा म्हणाले, "आणखी जरा उतरायला पाहिजे." सेक्रेटरींनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तिचं वर्णन मी करत नाही.

मे संपता संपता एका सकाळी दार वाजलं. "वहिनी, आज जातोय. आईला धरायला कुणी पाहिजे. तुम्ही याल?"

मी मागे बसले, आजींच्या खुर्चीची पाठ धरून. बदलापूर मागे पडलं, मग डांबरी रस्ता संपला, मग रस्ताच संपला. समोर धरणाचा उघडा तळ, राखाडी, भेगाळलेला. लांब मधे उरलेलं पाणी. खरात उतरले, चाकांतली हवा कमी केली, पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा ओढला आणि आईच्या पोटावरचा पट्टा तपासला. "आई, घट्ट झालाय?"

"श्वास घ्यू दे बाबा."

वरचा थर जीपखाली पापडासारखा मोडायचा आणि खालून काळा गाळ वर यायचा. खरात स्टिअरिंगवर ओणवे होऊन एकेक हात पुढे सरकत होते. आजी डोळे मिटून बसल्या होत्या. मधे एकदा जीप एका बाजूला कलली, चाक गरगरलं आणि आम्ही बसलो. मी नवसाला काय बोलू हे शोधत होते. खरात उतरले, गुडघ्याएवढ्या गाळात चालत गेले, बुडालेल्या झाडाच्या एका बुंध्याला तार बांधली. रीळ कण्हलं, जीप थरथरली आणि इंच इंच करत बाहेर आली. आजींना धक्कासुद्धा लागला नाही. पालेगावच्या माळावरच्या त्या मुंबईच्या पोरांनी हे बघायला पाहिजे होतं असं मला वाटलं. खरातांना कुणी बघावं असं काही वाटत नव्हतं. ते पुढे बघत होते.

गाव म्हणजे दगडांच्या ओळी. वरच्या अंगाला जोती सरळ होती, देवळाच्या पायऱ्या होत्या, विहिरीचा कठडा जसाच्या तसा. खालच्या अंगाला काहीच नव्हतं. कुडाच्या घरांचं राहणार काय? नुसती गाळाची उंचवटे-खड्डे असलेली पाठ, आणि इकडेतिकडे दगड.

खरात उतरून चालायला लागले. हातात मापायची फीत होती, खिशात हातोडी. विहिरीपासून पावलं टाकली, ओढा कुठून जायचा ते पाहिलं, परत आले, पुन्हा टाकली. एका दगडापाशी बसून माती उकरली. उठले. दुसऱ्या दगडापाशी बसले. ऊन चढलं. आता ते चालत नव्हते, धावत होते. हातांवर कोपरापर्यंत गाळ. एकदा आमच्याकडे वळले तेव्हा मला तो कारखान्यातला साहेब दिसलाच नाही. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोराचं तोंड असतं तसं ते तोंड होतं.

"आई, चिंच कुठं होती? आपल्या घराच्या डावीकडे का उजवीकडे? आई, आठव ना!"

आजींनी डोळे उघडले. "मला उतरव, बाय," त्या मला म्हणाल्या.

मी त्यांना घडीच्या पायरीवरून उतरवलं. माझा दंड धरून त्या काठी टेकत निघाल्या. थोडं चालून एका उंचवट्यापाशी थांबल्या. तिथं दोन-तीन दगड पडले होते. त्यांनी काठी आपटली.

"बाळू, हितं."

खरात धावत आले. "इथं? नक्की, आई?"

"हितं म्हन्लं ना. तुज्या बापानं हे दगड ठेवले, कोल्ह्यानं उकरू नाय म्हून. माज्या डोळ्यांपुढं ठेवले."

खरातांनी त्या दगडांकडे पाहिलं. मग वळून विहिरीकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता फीत काढतील. नाही काढली. ते तिथं मांडी घालून बसले आणि दगडावर हात ठेवला. "सुमे," म्हणाले.

"चल बाय," आजी म्हणाल्या, "बसू दे त्याला."

आम्ही हळूहळू वरच्या अंगाला गेलो, विहिरीपर्यंत. विहिरीत गाळ भरलेला होता. आजींनी कठड्यावरून हात फिरवला, मग काठी बाजूला ठेवून त्या कठड्यावर बसल्या, ऐसपैस, पाय सोडून. तिथून खरात लहान दिसत होते. त्यांची मान खाली होती आणि खांदे हलत होते. ते बोलत होते. एवढ्या लांबून शब्द येत नव्हते.

"चांगली आठवण आहे आजी तुमची," मी म्हणाले. "एवढ्या वर्षांनी जागा सापडली."

आजी त्यांच्याकडेच बघत होत्या. "मला काय ठावं कुठं हाय ती," त्या म्हणाल्या. "मला तर धा हातावरचं दिसत नाय. समदा गाळ. पर कुठंतरी त्याला बसाय पायजे का नको? किती धावंल?"

मग पदरानं त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पुसला, स्वतःचा नाही.

खरात बऱ्याच वेळानं उठले. परतीच्या वाटेवर जीप कुठेही अडकली नाही.

त्यानंतर खिडकीत पाय दिसले नाहीत. जीप तिथंच उभी असायची. पुढे त्या मुंबईच्या मुलांपैकी एकजण येऊन ती घेऊन गेला. खरातांनी त्याला वाट दाखवायलाही गेटपर्यंत जायची तसदी घेतली नाही. आजी मात्र खुशीत होत्या. बाळू आता झोपतो म्हणायच्या, पूर्वी नुसता कूस बदलायचा.

त्या हिवाळ्यात आजी गेल्या. झोपेतच गेल्या. जलदानाच्या दिवशी गच्चीवर मांडव घातला होता. भन्तेजींनी वंदना घेतली, बुवापाड्यातून जुनी माणसं आली होती, कारखान्यातले लोक आले होते. पहिली पंगत उठल्यावर मी ताटं गोळा करत होते. खरात कठड्यापाशी एकटेच उभे होते, पांढऱ्या शर्टात. तिथून लांबवर डोंगर दिसतो. मी जवळ गेले.

"आजींनी सुख पाहिलं," मी म्हणाले. असं काहीतरी म्हणतात म्हणून म्हणाले.

"एक सांगू, वहिनी?" खरात डोंगराकडेच बघत होते. "त्या दिवशी आईनं दाखवली ती जागा ती नव्हती."

मी हातातली ताटं कठड्यावर ठेवली.

"बसता बसताच कळलं मला. ओढा आमच्या घराच्या मागून जायचा. ती जागा ओढ्याच्या पलीकडे होती. तिथं आमचं काही नव्हतंच कधी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? एवढी म्हातारी बाई, गुडघे नसलेली, उन्हात चालत आली. तिला वाटलं, आपली पोर सापडली. इतकी वर्षं तिच्या मनात तेवढंच होतं. तिला म्हणू का, आई, ही नव्हे, आणखी शोध?" त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "बसलो. आणि एकदा बसल्यावर, वहिनी, मग बोलता आलं मला. सुमीशी. सगळं सांगितलं. जागा कुठली का असेना."

मी तोंड उघडलं. आजींनी मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं, पण ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. याबद्दल त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या. खरात वळून माझ्याकडे बघत होते, चष्म्याशिवाय, उघड्या डोळ्यांनी.

"आईला बरं वाटलं असेल ना?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हणाले.

खालून कुणीतरी हाक मारली, दुसऱ्या पंगतीचे लोक जिन्यात थांबलेत म्हणून. मी ताटं उचलली. खरातांनी चष्मा लावला आणि भाताचं पातेलं धरायला माझ्या मागोमाग आले.